‘बरं हाय’ला इंग्रजीत काय म्हणतात

मी बीड जिल्ह्यात इंग्रजी शिकवते. असं सांगितलं की समोरचा माणूस एकदम सरळ बसतो आणि म्हणतो, "मग बोला की काहीतरी इंग्रजीत." माझी अडचण तिथेच होते. इंग्रजी मला येतं. बोलणं येत नाही. बीडच्या ज्या इंग्रजी शाळेत मी शिकले तिथे मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे, आणि घरी चुकून इंग्रजी बाहेर पडलं की पाहुणे हसायचे. मी दोन्हीकडे गप्प राहायचं ठरवून टाकलं. गप्प राहणाऱ्याला एक फायदा असतो, त्याला ऐकू भरपूर येतं. माझं सगळं काम त्यावर चाललेलं आहे.

लोकांना वाटतं, इंग्रजी शिकवणं म्हणजे व्याकरण. माझ्याकडे येणाऱ्यांचं अडतं ते वर्णनापाशी. परगावच्या डॉक्टरला 'दुखतंय' हे कुणीही सांगू शकतं, पोटावर हात ठेवला की झालं. पण कसं दुखतंय, ठणकतं की टोचतं, सारखं की मधूनमधून, तिथे माणूस मुका होतो. म्हणून मी वर्षानुवर्षं मुख्यतः दोनच गोष्टी शिकवते. वस्तू कशी आहे ते सांगणारे शब्द, आणि काम कसं केलं ते सांगणारे शब्द. पुस्तकात त्यांना विशेषण आणि क्रियाविशेषण म्हणतात. मी वर्गात ती नावं घेत नाही, कारण नावं घेतली की माणसं वही उघडतात आणि डोळे मिटतात.

माझ्या पहिल्या काही विद्यार्थ्यांत केज तालुक्यातले एक भाऊसाहेब होते. डोंगराखाली बरीच जमीन, दोन टेम्पो, एक जीप आणि कुठलीही निवडणूक असो, फलकावर त्यांचा फोटो. पहिल्या दिवशी म्हणाले, "मॅडम, आमाला बारीक शब्द नको. मोठे द्या. एक्सलंट, फँटास्टिक, असले."

मी म्हटलं, "आधी छोटं, ओलं, कच्चं असं घेऊ या."

"ओल्याचं काय करू? तालुक्यात पानी हाय का कुठं?"

मोठे शब्द घेऊन ते तिसऱ्या आठवड्यात गेले ते गेलेच. असे विद्यार्थी बरेच मिळतात आणि त्यांना थांबवून धरणं मला कधी जमलं नाही, याची खंत आहे. पण भाऊसाहेब या हकिगतीत पुन्हा येणार आहेत, म्हणून त्यांची ओळख आधी करून दिली.

त्या वर्षी पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता. कापूस गुडघ्यापर्यंतही आला नाही. गावोगाव टँकर सुरू झाले. हिरवं राहिलं ते फक्त डोंगराच्या उतारावरचं सीताफळ, कारण त्याला कुणी पाणी घालत नाही आणि शेळीही तोंड लावत नाही. अशा दिवसांत एका दुपारी सुशीलाकाकू माझ्या घरी आल्या. केजपासून जीपने पाऊण तासावर डोंगरात त्यांचं गाव. तिथल्या बायकांनी काढलेल्या सहकारी संस्थेच्या त्या चेअरमन. बायका डोंगरातून सीताफळं तोडून आणायच्या, संस्थेच्या शेडमध्ये गर काढायच्या, तो थंड खोलीत ठेवायच्या. पुढे तो गर विकायचं काम भाऊसाहेब करायचे. म्हणजे बोलायचे ते, आणि भाव काय मिळाला तेही तेच सांगायचे.

"बंगळूरची आइस्क्रीमची कंपनी हाय," काकू म्हणाल्या. "सरळ आमच्याकडून घ्यायला तयार हाय. त्यांचे थॉमस साहेब म्हनून हायेत. ते म्हनतेत, रोज सकाळी फोन करून आजचा माल कसा हाय ते आमाला सांगायचं. त्यावरून ते थंड गाडी धाडायची का न्हाई ते ठरवनार. पन त्यांना हिंदी येत न्हाई. मराठीचा तर सवालच न्हाई."

"मग मी सांगत जाईन."

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी रोज डोंगरात ऱ्हानार हाव का? अन उद्या लगीन होऊन गेलाव, मग काय साहेबाला तुमच्या सासरी फोन लावायचा?"

मी खाली बघितलं. काकू हसल्या, पण मुद्दा त्यांचाच बरोबर होता. दुसऱ्याच्या तोंडाने बोलून त्या कंटाळल्या होत्या. भाऊसाहेबांच्या जागी मला बसवायचं असतं, तर मग त्यांना बदल काय मिळाला असता?

शेडमध्ये वर्ग सुरू झाला. वर्गाची वेळ टँकर ठरवायचा. टँकर सकाळी आला तर वर्ग दुपारी, दुपारी आला तर वर्ग मोडला. पहिले तीन शब्द मी घागरींवरच शिकवले. फुल, हाफ, एम्प्टी. त्या दिवसांत एम्प्टी कुणालाही विसरणं शक्य नव्हतं.

सगळ्यांत पुढे बसायची मुक्ताबाई. दरवर्षी दसऱ्यानंतर ती आणि तिचा नवरा ऊस तोडायला कारखान्याच्या फडावर जायची, ती उन्हाळा लागल्यावर परत. थोरली मुलगी गौरी या वर्षी दहावीला होती. तिला बरोबर न्यावं तर शाळा सुटते, मागे ठेवावं तर वयात आलेली पोरगी कुणाच्या जिवावर ठेवायची? बंगळूरचा करार झाला तर सीताफळ संपेपर्यंत रोज काम, त्यापुढे त्याच शेडमध्ये चिंच फोडायचं काम, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत गावातच राहता आलं असतं. मुक्ताबाईने मुकादमाला सांगून ठेवलं होतं, "दसऱ्यापत्तुर थांब. तवर मी हो बी म्हनत न्हाई, न्हाई बी म्हनत न्हाई." मुकादम तिच्याच भावकीतला, म्हणून थांबला. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि तेव्हापासून मला तो वर्ग हलका वाटेनासा झाला.

मी फळ्यावर यादी लिहिली नाही. टोपलीतलं फळ हातात द्यायचं, डोळे मिटायला सांगायचे आणि विचारायचं, कसं आहे? हार्ड. सॉफ्ट. हाफ सॉफ्ट. मग डोळे उघडून: ग्रीन, यलो, ब्लॅक. मग फोडून, चाखून: स्वीट, ग्रेनी म्हणजे रवाळ. सीताफळाला त्यांच्याकडे डोळे असतात. सालीवरच्या खवल्यांमधल्या फटी पिवळट होऊन रुंदावल्या की 'डोळा उघडला' म्हणतात, मग फळ तोडायचं. वर्गातल्या शमीम आपांनी विचारलं, "मॅडम, डोळा उघडला हे इंग्रजीत कसं बोलायचं?" मी म्हटलं, "ओपन आय." आजही ती कंपनी काकूंच्या गावाच्या मालाबद्दल बोलताना 'ओपन आय' म्हणते. त्या शब्दाची शाळेत कुणी मला किंमत दिली नसती.

काम कसं करायचं ते सांगणारे शब्द तर त्यांनी दोन दिवसांत खाऊन टाकले. स्लोली, क्विकली, केअरफुली, क्वायटली. मी आश्चर्याने काकूंना विचारलं, हे इतकं लवकर कसं आलं?

"आवं, जलमल्यापासून हेच ऐकतोय की," काकू म्हणाल्या. "हळू चाल, लवकर आवर, नीट बस, गप ऱ्हा. आता इंग्रजीत ऐकायचं, यवढंच."

शमीम आपांनी लगेच शेजारणीच्या हातावर चापट मारली. "प्रेस जेंटली! तुझ्या नवऱ्याचा गळा हाय का तो?"

शेड हसून हसून वाकडी झाली. मला वाटलं, झालं, आता काही अडचण नाही.

थॉमस साहेब आले ते गणपती उठल्यानंतर. उंच, चष्मा, घामाने पाठीला चिकटलेला शर्ट. भाऊसाहेबही कुणी न बोलावता जीप घेऊन आले होते आणि शेडच्या दारात पाय फाकवून उभे होते. बायका आपापली टोपली पुढे घेऊन ओळीने बसलेल्या. साहेब पहिल्यांदा काकूंसमोर थांबले आणि हळू, सोप्या इंग्रजीत विचारलं, तुमचं फळ कसं आहे?

काकूंनी पदर सावरला. "ओके," त्या म्हणाल्या. "नॉट व्हेरी गुड. ओके."

साहेब शमीम आपांकडे गेले. आपा म्हणाल्या, "सो-सो."

मला वाटलं, घाबरल्या असतील. मग मुक्ताबाई. वर्गात सगळ्यांत पक्की. तिने टोपलीकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं आणि स्पष्ट आवाजात सांगितलं, "स्मॉल. ब्लॅक. लिटल बॅड."

ओळीतल्या शेवटच्या बाईपर्यंत हेच. कुणाचं स्मॉल, कुणाचं ओल्ड, एकीने तर 'पूअर फ्रूट' म्हटलं. स्वीट हा शब्द सगळ्यांना येत होता, एकीच्याही तोंडून निघाला नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला. माझ्याकडे वळून सभ्यपणे म्हणाले, यांचं इंग्रजी चांगलं आहे. फक्त माल यांनाच पसंत दिसत नाही. पुढे परळीकडे अजून एक जागा बघायची आहे, विचार करून कळवतो. एकही फळ न चाखता ते गाडीत बसले.

भाऊसाहेब तर खूश. "ऐकलं का चेअरमन? तुमचं तुमीच सांगितलं, माल खराब हाय म्हनून. माझ्याकडं असता तर मी कवाच असं बोललो नसतो." मग ड्रायव्हरला, "गाडी काढ बे. हितं काय न्हाई."

जीपची धूळ खाली बसली. मला ओरडता येत नाही. मी फक्त विचारलं, "स्वीट कुठं गेलं? रोज म्हणत होतात."

मुक्ताबाई माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मी तिला चारचौघांत पदर काढायला सांगितला होता. "मॅडम, ते वर्गात. वर्गातलं फळ कुनाचंच न्हवतं. हितं माझी टोपली हाय माझ्या म्होरं. आपलं आपुन कावून चांगलं म्हनायचं?"

"मग काय होईल?"

"नजर लागती." हे तीन-चार बायका एकदम म्हणाल्या.

काकू खालच्या आवाजात सांगू लागल्या. "गेल्या सालाच्या आदल्या साली मी म्हनले होते, औंदा बहार लई झ्याक धरलाय. माझ्याच तोंडानं म्हनले. आठ दिसांत गारा." शमीम आपा म्हणाल्या, त्यांच्यात तर पोराला गोड म्हणायचं झालं तरी आधी देवाचं नाव घेतात, मगच पुढचा शब्द.

"साहेबानं पुसलं, कसं हाय," मुक्ताबाई म्हणाली. "चांगलं असलं तर मानूस काय म्हनतं? बरं हाय, म्हनतं. मी इंग्रजीत ते कसं म्हनायचं ते हुडकीत होते. सापडलं न्हाई. मंग थोडं खालचंच बोलले. साहेबाला कळंल वाटलं."

मी टोपल्यांच्या मध्ये बसून राहिले. शाळेत आम्हाला निबंध असायचे. माझी आई सुंदर आहे, माझी बाग मनोहर आहे, माझा देश महान आहे. आपलंच आपण चांगलं म्हणायचं, त्यालाच गुण मिळायचे. आणि घरी माझ्या आईला कुणी म्हटलं, मुलगी हुशार आहे हो तुमची, तर आई लगेच म्हणणार, "कशाची हुशार? तोंडातनं शब्द निघत न्हाई." मी ते लहानपणापासून जसंच्या तसं खरं मानत आले होते. त्या दुपारी पहिल्यांदा डोक्यात आलं की आई कदाचित माझं वर्णन करत नसावी.

दुसऱ्या दिवशी मी शिकवलं नाही. कोपऱ्यात बसून नुसतं बघत राहिले. ते मला जमतं. बायका गर काढत होत्या, पण रोजच्यासारखी थट्टा नव्हती. दसरा जवळ आला होता. दाराशी मुकादम येऊन मुक्ताबाईला म्हणाला, "आता काय ऱ्हायलंय? टाक की हो म्हनून."

"दसरा झाला का?" मुक्ताबाईने मान वर न करता विचारलं. तो गेला.

मग तिने शमीम आपांच्या टोपलीतलं एक फळ घेतलं, दोन बोटांनी उकललं आणि थांबली. "आपा, काय माल हाय वो तुमचा! निस्ता दुधातला रवा." असं म्हणून तिने दोन्ही हात आपांच्या तोंडावरून ओवाळल्यासारखे केले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. आपा लाजल्या. "कायका रवा? ठीक हाय." पण लगेच त्यांनी काकूंच्या टोपलीकडे हात केला, "माल तर काकूका देखो!" आणि आपांनीही बोटं मोडली.

हे मी महिनाभर रोज बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. आपल्या वस्तूबद्दल या बायकांचं तोंड शिवलेलं, पण शेजारणीच्या वस्तूबद्दल त्यांच्याइतकं मोकळं कुणी नाही. वाटेल तेवढी तारीफ करायची आणि वर बोटं मोडून तिचं रक्षणही करायचं. सगळी सोय करून ठेवलेली होती. मी फक्त त्यांना चुकीच्या टोपलीसमोर बसवलं होतं.

मी उठून सगळ्यांच्या टोपल्या एकेक घर पुढे सरकवल्या. मुक्ताबाईसमोर आपांची, आपांसमोर काकूंची, काकूंसमोर पुढच्या बाईची. "आता सांगा," मी म्हटलं. "इंग्रजीत."

सुरुवातीला कुजबुज झाली. मग एकदम असा गलका सुरू झाला, की शेडच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं उडाली. स्वीट, व्हेरी स्वीट, टू मच स्वीट, सॉफ्ट, व्हाइट, फ्रेश. मधूनमधून बोटं मोडल्याचे आवाज. "ए, माझ्या टोपलीला नुसतं गुड कावून? तिच्या टोपलीला व्हेरी गुड म्हनलीस की!" अशी भांडणंसुद्धा झाली. मी विचारलं, आणि वाईट काय आहे तेही सांगाल ना? "ते तर आमी आपल्याचं बी सांगतो," मुक्ताबाई म्हणाली.

आता राहिलं ते साहेबांना परत बोलावणं. काकूंनी फोन माझ्या हातात दिला. अनोळखी माणसाला फोन करणं मी शक्यतो टाळते. गॅस संपला तरी आईला नंबर लावायला सांगते. मी शेडच्या मागे जाऊन उभी राहिले, वाक्य मनात तीनदा म्हटलं, पलीकडून 'हॅलो' आलं आणि ते वाक्य गेलं. मग जे सुचलं ते बोलले. म्हटलं, सर, त्या दिवशी त्यांनी फळाचं वर्णन केलं नाही. त्या फळाला जपत होत्या. आमच्याकडे आपलं चांगलं आपण म्हणत नाहीत. तुम्ही परतीच्या वाटेवर पुन्हा या आणि प्रत्येकीला दुसरीचं फळ कसं आहे ते विचारा. एवढंच.

ते म्हणाले, परवा त्याच रस्त्याने जाणार आहे, तासभर थांबतो.

परवा ते आले. भाऊसाहेबांना कुणी कळवलं देव जाणे, पण जीप होतीच. या वेळी ते दारात थांबले नाहीत, सरळ साहेबांच्या पुढ्यात गेले. "सर! माय एरिया फ्रूट. एक्सलंट! फँटास्टिक! नंबर वन!"

साहेबांनी शांतपणे विचारलं, कुठली टोपली नंबर वन?

"ऑल नंबर वन!"

"अँड नंबर टू?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. नंबर टूसाठी लागणारे शब्द त्यांनी घेतलेच नव्हते. मी माझ्या चपलांकडे बघत राहिले. साहेब त्यांना वळसा घालून मुक्ताबाईकडे गेले.

तिने फळ उचललं. "दिस इज शमीम आपा फ्रूट. नॉट माय." मग तिने ते फिरवून दाखवलं. "स्मॉल. बट व्हेरी, व्हेरी स्वीट. नो रेन, सो मोअर स्वीट. आउटसाइड लिटल ब्लॅक. इनसाइड व्हाइट." फळ उकलून तिने त्यांच्यापुढे धरलं. "सी. ग्रेनी. लाइक रवा अँड मिल्क. शमीम आपा कट केअरफुली. ओन्ली ओपन आय." आणि फळ दुसऱ्या हातात घेऊन तिने टोपलीवरून हात फिरवून बोटं मोडली.

साहेबांनी चाखलं. डोळे मिटून चाखलं, जसं आम्ही वर्गात करायचो. मग विचारलं, हे हाताचं काय केलं? मी सांगायला तोंड उघडलं, पण मुक्ताबाईनेच सांगितलं, "बॅड आय गो. गुड फ्रूट स्टे."

साहेब पहिल्यांदा मोकळे हसले. म्हणाले, आमच्याकडे याला मीठ-मिरची ओवाळतात. मग पुन्हा कामाचा चेहरा करून विचारलं, "व्हॉट इज बॅड इन दिस बास्केट?"

मुक्ताबाईला हे सोपंच होतं. तिने खालून तीन फळं वर काढली. "दिस, दिस, दिस. टू सॉफ्ट. टुडे गुड. टुमारो फिनिश. सेंड गाडी क्विकली."

साहेबांनी मान डोलावली. मला तेव्हाच कळलं की काम झालं. चांगलं म्हणणारे त्यांना वाटेवर पुष्कळ भेटले असणार. चांगल्याच्या मागोमाग न विचारता वाईट हातावर ठेवणारं माणूस त्यांना रोज सकाळी फोनवर हवं होतं.

ओळीतून पुढे जात त्यांनी एकेकीचं ऐकलं. आपांनी काकूंच्या मालाचं असं कौतुक केलं की इंग्रजी संपल्यावर त्यांनी उरलेलं हिंदीत केलं, आणि साहेबांनी तेही ऐकून घेतलं. शेवटी ते आपांकडे परत आले. खट्याळपणे विचारलं, आणि तुमची स्वतःची टोपली? मुक्ताबाई तर म्हणते, फार गोड.

आपांनी कपाळावरची ओढणी पुढे ओढली. "सो-सो," त्या म्हणाल्या.

सगळी शेड हसली. साहेबही. त्यांनी काकूंशी हात मिळवायला हात पुढे केला. काकूंनी हात जोडले. त्याच दिवशी ठरलं. थंड गाडी थेट संस्थेच्या दारात येणार, आणि सकाळचा फोन मुक्ताबाई करणार. भाऊसाहेबांची जीप कधी गेली ते कुणी पाहिलं नाही. पुढे एकदा ते मला केजच्या स्टँडवर भेटले. म्हणाले, "मॅडम, ते बारीक शब्द ऱ्हायले होते आमचे. बघा एखादा वार." मी हो म्हटलं. अजून आलेले नाहीत.

त्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी शिकवलं, पण टोपली सरकवायची पद्धत कुठेच सोडली नाही. मुलाखतीला निघालेल्या पोरांना मी आधी शेजारच्या पोराबद्दल बोलायला लावते. तो कसा काम करतो? स्लोली की नीटली? शेजाऱ्याबद्दल बोलून तोंड सुटलं की मग स्वतःबद्दल थोडं, अगदी थोडं, निघतं. शहाण्या शिक्षकांनी मला सांगितलं आहे की ही पद्धत कुठल्या पुस्तकात नाही. मला माहीत आहे.

त्या वर्षीच्या दसऱ्यानंतरचा एक दिवस सांगून थांबते. तोडीला जाणाऱ्यांचा ट्रक गावातून निघाला होता. भांडी, बिछाने, कोंबड्या, वर बसलेली माणसं. जाणाऱ्यांतल्या बऱ्याच जणींना मी ओळखत होते. संस्थेत सगळ्यांना पुरेल एवढं काम नव्हतं, आणि ते मला त्या दिवशीही लागलं, आजही लागतं. ट्रक शेडसमोर थांबला. मुक्ताबाई नुकताच बंगळूरचा फोन ठेवून बाहेर आली होती. मागे गौरी शाळेचं दप्तर घेऊन वाटेला लागलेली. मुकादम केबिनमधून वाकून म्हणाला, "काय गं मुक्ते, साहेबाशी रोज बोलतीस म्हनं. लई खुशीत दिसायलीस. कसं चाललंय?"

तिला आता किती शब्द येत होते ते मला माहीत होतं. त्यांतले बहुतेक मीच दिले होते. तिने वळून शाळेच्या वाटेकडे पाहिलं. गौरी वळणावरून दिसेनाशी होत होती. मग तिने पदर खांद्यावर ओढला आणि म्हणाली,

"बरं हाय."

ट्रक पुढे गेला. मी शेडच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी उभी होते. मी दोन्ही हात कानशिलांवर नेले आणि बोटं मोडली. सगळीच्या सगळी वाजली.